पेट्रो व्लाहोस कोणत्या ब्रँचचा?

नाव वाचून दचकू नका. हा नवीन फुटबॉलपटू नाही आणि केमिस्ट्रीतला एखादा लॉ पण नाही. आमच्या लेडीज होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये मी पंधरा-वीस जणींना विचारून पाहिलं, एकीलाही माहीत नव्हता. गंमत म्हणजे त्याच वेळी समोर बातम्या चालू होत्या आणि हवामान सांगणारी बाई महाराष्ट्राच्या नकाशापुढे उभी राहून विदर्भात पाऊस पाडत होती. तिच्या मागे खरं तर नकाशा नसतो, हिरवी भिंत असते, हे सगळ्यांना माहीत होतं. पण ती भिंत जाऊन तिथे नकाशा येतो कसा, आणि तो येताना बाईंचे केस जागच्या जागी कसे राहतात, हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलमध्ये! सिव्हिलच्या एका मुलीने तर "सॉफ्टवेअर असेल गं" म्हणून विषय संपवला.

सॉफ्टवेअर आहेच. पण ते सॉफ्टवेअर ज्या युक्तीवर चालतं ती युक्ती संगणक सिनेमात यायच्या कितीतरी आधीची आहे आणि ती पेट्रो व्लाहोसने काढली. (न्यूटनला आपण "न्यूटनने" म्हणतो तसंच मी व्लाहोसला म्हणणार आहे. आदर कमी आहे असं समजू नये.)

त्याची हकीकत आधी थोडक्यात सांगते. जन्म २० ऑगस्ट १९१६, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातलं रॅटन हे गाव, आईवडील ग्रीक. १९४१ साली बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून इंजिनिअर झाला. त्याच वर्षी अमेरिका महायुद्धात उतरली. युद्धाच्या काळात डग्लस या विमान कंपनीत डिझायनर, मग बेल लॅबोरेटरीजमध्ये रडार इंजिनिअर. युद्धानंतर हॉलिवूड. तिथल्या स्टुडिओंनी मिळून चालवलेल्या मोशन पिक्चर रिसर्च कौन्सिल या संशोधन संस्थेत तो काम करू लागला आणि पुढे आयुष्यभर सिनेमाच्या तंत्रातच राहिला. १० फेब्रुवारी २०१३ रोजी वयाच्या ९६ व्या वर्षी गेला. नावावर पस्तीसच्या वर पेटंट आणि ऑस्करच्या बाहुल्या.

आता यातलं विमान आणि रडार हे प्रकरण त्याच्यावरच्या लेखांमध्ये जेमतेम एका वाक्यात उरकलेलं असतं. मला मात्र तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटलं. त्याचं कारण घरचं आहे. मी नाशिकची. माझे आजोबा ओझरच्या एच.ए.एल.मध्ये फिटर होते. जन्मभर विमानाचा पत्रा कापणं, वाकवणं, रिव्हेट मारणं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, त्या दिवशी आजोबा टीव्हीपुढून जेवायलासुद्धा उठले नाहीत. मी मेकॅनिकलला आले ती बरीचशी त्यांच्यामुळे. आणि आमचं नाशिक दुसऱ्या एका माणसाचंही गाव. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले, त्यांनी आपला कारखाना १९१३ मध्ये नाशिकला हलवला आणि १९४४ साली तिथेच ते गेले. लहानपणी रविवारी कुठे न्यायचं तर फाळके स्मारकात. त्यामुळे एकाच माणसाच्या नावापुढे विमान आणि सिनेमा असं दोन्ही दिसल्यावर मी तिथेच थांबले.

डग्लस म्हणजे कोणती कंपनी हे कळावं म्हणून एक उदाहरण. डाकोटा हे विमान याच कंपनीचं. त्याचं मूळचं प्रवासी मॉडेल, डीसी-३, १७ डिसेंबर १९३५ ला पहिल्यांदा उडालं. म्हणजे तेव्हा व्लाहोस एकोणीस वर्षांचा होता, आपल्या एस.ई.च्या पोरांएवढा. युद्धात या विमानाची लष्करी आवृत्ती दहा हजारांच्या वर बनली. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला उतरले ते डाकोटातूनच. अशा कारखान्यातून निघालेला माणूस पुढे 'मेरी पॉपिन्स'च्या कार्टून पेंग्विनांपर्यंत जाऊन पोचतो! आणि आपण एस.ई.ला मेकॅनिकलवरून कॉम्प्युटरला ब्रँच चेंज मिळाली की पेढे वाटतो.

असो. मूळ मुद्दा सुरू होतो आमच्या डिपार्टमेंटच्या इंटर्नशिपच्या फॉर्मपासून. टी.ई. झाल्यावर चार आठवड्यांची इंटर्नशिप असते हे सगळ्यांना माहीत आहे. त्या फॉर्मवर सातव्या नंबरला एक रकाना आहे: "कामाचा शाखेशी संबंध". मला पुण्यातल्या एका छोट्या व्हीएफएक्स स्टुडिओत जायचंय. तिथे काम काय, तर हिरव्या पडद्यापुढे शूट केलेल्या शॉटमधला पडदा काढायचा आणि जिथे कडा बिघडते तिथे ती हाताने दुरुस्त करायची. मेकॅनिकलशी संबंध? सरळ उत्तर: नाही. रूम पार्टनर म्हणाली, "लिही ना, कॅमेरा क्रेनच्या जॉइंट्सचा अभ्यास. कोण बघायला येतंय?" आणि खरंच, असं लिहिणारे डझनभर दाखवता येतील. बँकेच्या वेबसाइटवर काम करून आलेल्यांनी त्या रकान्यात "थर्मल मॅनेजमेंट" लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. थोडक्यात, हा रकाना कोणाला अडवत नाही, तो फक्त खोटं लिहायला शिकवतो. म्हणून मला त्याच्याबद्दल बोलायचं आहे, आणि बोलायला व्लाहोससारखा दुसरा साक्षीदार नाही.

तर त्याने केलं काय?

समजा नट स्टुडिओत उभा आहे आणि आपल्याला तो समुद्रात दाखवायचाय. दोन्ही चित्रं एकाच फिल्मवर एकावर एक छापली तर नट भुतासारखा आरपार दिसतो. म्हणून समुद्र छापताना नटाच्या आकाराची जागा झाकून ठेवायची, मग फिल्म मागे घेऊन फक्त तेवढ्या जागेत नट छापायचा. या झाकणाला सिनेमावाले मॅट म्हणतात. मला मराठी शब्द सापडेना. (आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी शेवटच्या तासाला असायचं, तेही पी.टी.चा तास नसेल तर.) शेवटी आजोबांना फोन केला. म्हणाले, "फर्मा म्हण की." तर फर्मा. नट हलतो तसा फर्मा दर फ्रेमला बदलायला हवा. सेकंदाला २४ फ्रेम, मिनिटाला १,४४०. एवढे फर्मे हाताने कापणार कोण? म्हणून रंगाची मदत घ्यायची. नटाच्या मागे निळा पडदा लावायचा आणि निळं असेल तिथून फर्मा आपोआप तयार व्हावा अशी व्यवस्था करायची.

ही कल्पना व्लाहोसची नव्हे, हे आधीच सांगते. १९४० च्या 'थीफ ऑफ बगदाद'मध्ये लॅरी बटलरने निळा पडदा वापरला आणि त्याला ऑस्कर मिळालं. त्या सिनेमातला मुख्य पोरगा म्हणजे म्हैसूरचा साबू. पण त्या पद्धतीत फर्मा म्हणजे इकडे किंवा तिकडे, मधलं काही नाही. उडणारे केस, धूर, काचेचा ग्लास, जोरात हलवलेला हात या ठिकाणी नटही असतो आणि मागचा पडदाही दिसत असतो. तिथे हा फर्मा फसायचा आणि नटाच्या अंगाभोवती निळी किनार राहायची. जुन्या सिनेमात माणूस चिकटवल्यासारखा दिसतो तो यामुळे.

व्लाहोसने या दुखण्यावर दोन औषधं काढली. दोन्हींचा स्वभाव इतका वेगळा आहे की एकाच डोक्यातून निघाली असं वाटत नाही.

पहिलं औषध आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. एफ.ई.ला न्यूटन्स रिंग्जचं प्रॅक्टिकल आठवतंय? अंधाऱ्या खोलीत तो पिवळा दिवा, मायक्रोस्कोपला डोळा लावून मान मोडेपर्यंत मोजलेल्या रिंगा, आणि शेवटी सीनियरच्या जर्नलवरून उतरवलेलं उत्तर ५८९३ अँगस्ट्रॉम. तोच सोडियमचा दिवा. त्याचा उजेड इतक्या अरुंद पट्ट्यात असतो की तेवढाच वेगळा काढता येतो. पांढऱ्या पडद्यावर सोडियमचे दिवे सोडायचे, नटांवर साधा उजेड टाकायचा पण त्यातला तेवढा पिवळा पट्टा गाळून. कॅमेऱ्यात एक खास प्रिझम. त्याने उजेडाचे दोन भाग केले की एका फिल्मवर सोडियम सोडून सगळं, म्हणजे रंगीत नट. दुसऱ्या फिल्मवर फक्त सोडियम, म्हणजे आयता फर्मा, तोही त्याच क्षणी. सोडियमची कल्पना इंग्लंडमध्येही वापरली गेली होती, पण तिला पूर्णत्वाला नेलं व्लाहोसने आणि ती गाजवली डिस्नेच्या स्टुडिओने, अब आयवर्क्स या त्यांच्या कसबी माणसाच्या हातून. १९६४ च्या 'मेरी पॉपिन्स'मध्ये ज्यूली अँड्र्यूजच्या टोपीवर जाळी आहे. त्या जाळीतून मागचं कार्टूनचं जग दिसतं. आज बघितलं तरी कुठे शिवण दिसत नाही. १९६५ साली व्लाहोस, आयवर्क्स आणि वॅड्सवर्थ पोल या तिघांना मिळून ऑस्कर मिळालं ते याच कामासाठी.

तो खास प्रिझम मात्र पुन्हा कोणी बनवत बसलं नाही आणि पद्धत बाजूला पडली. २०२४ मध्ये पॉल डेबेवेक हा संशोधक आणि कॉरिडॉर क्रू ही यूट्यूबवरची मंडळी यांनी मिळून ती पुन्हा जुळवून दाखवली. तो व्हिडिओ जरूर बघा, सबमिशन झाल्यावर. आपण ज्या दिव्याला फक्त दहा मार्कांचं प्रॅक्टिकल समजत होतो त्याच्यापुढे पारदर्शक ओढणी कशी सुटी होते ते कळेल.

दुसरं औषध जास्त महत्त्वाचं आहे आणि ते १९५९ च्या 'बेन-हर'साठी निघालं. एम.जी.एम.ला निळ्या पडद्याची अडचण सोडवून हवी होती. व्लाहोसने त्यावर सहा महिने घालवले. सहा महिने काय केलं? विचार. हे वाचून मी हसले, कारण आपल्याकडे दर पंधरा दिवसांनी प्रोजेक्ट रिव्ह्यू असतो आणि "सर, विचार चालू आहे" असं सांगणाऱ्या ग्रुपचं पुढे काय होतं ते बी.ई.वाल्यांना विचारा. सहा महिन्यांनी त्याच्या हाती जे लागलं ते एका ओळीत मावतं: पडदा निळा आहे का ते विचारू नका, निळा हा हिरव्यापेक्षा किती जास्त आहे ते विचारा.

म्हणजे काय ते सांगते. कुठलाही रंग लाल, हिरवा, निळा या तिघांच्या मिश्रणाने होतो. आता आजूबाजूला बघा. माणसाची कातडी, केस, लाकूड, लोखंड, माती, पांढरा शर्ट, काळी पँट, राखाडी भिंत. या सगळ्यांत निळा सहसा हिरव्यापेक्षा जास्त नसतो. मग शॉटमध्ये एखाद्या ठिकाणी निळा हिरव्याच्या वर गेला, तर जेवढा वर गेला तेवढा तो पडद्याचा आहे असं धरायचं. पूर्ण वर गेला तर पूर्ण पडदा, निम्मा गेला तर निम्मा धूर आणि निम्मा पडदा. जुनी पद्धत म्हणजे दिव्याचं बटण, ही पंख्याचा रेग्युलेटर. आणि नटाच्या गालावर पडद्याचा निळा उजेड पडला असेल तर? निळ्याला हिरव्याच्या वर चढूच द्यायचं नाही. किनार गेली! हे सगळं त्याने संगणकाशिवाय केलं बरं का. वजाबाकी करायची तर एका रंगाची पॉझिटिव्ह फिल्म दुसऱ्या रंगाच्या निगेटिव्हवर ठेवायची, फिल्टर लावायचे, पुन्हा छापायचं.

इथे कोणीतरी शहाणा उठून म्हणेल, पण निळा शर्ट घातला तर? बरोबर आहे, निळा शर्ट गेला. जांभळी पैठणी नेसून उभ्या राहिलात तर तिचा रंग बदलणार. व्लाहोसला ते माहीत होतं. त्याच्या कामातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. आपल्याला एम-थ्रीला शिकवलंय की तीन समीकरणं आणि चार अज्ञात असतील तर उत्तर एक नसतं, अनंत असतात. इथे नेमकं तेच आहे. कॅमेरा देतो तीन आकडे. आपल्याला हवेत चार: नटाचा लाल, हिरवा, निळा, आणि तो त्या ठिंबक्यावर किती पारदर्शक आहे तो आकडा. आल्वी रे स्मिथ आणि जिम ब्लिन या दोघांनी १९९६ च्या एका पेपरमध्ये हे गणित नीट मांडून दाखवलं. एकाच पडद्यावर याचं पक्कं उत्तर निघत नाही. तीच वस्तू जराही न हलवता दोन वेगळ्या रंगांच्या पडद्यांपुढे दोनदा शूट केली तर निघतं. हलणारा माणूस दोनदा हुबेहूब तसाच कसा हलणार? म्हणजे सिनेमात काम करायचं तर एखादी गोष्ट गृहीत धरावीच लागते. प्रश्न एवढाच की कोणती गोष्ट गृहीत धरली तर सगळ्यात कमी नुकसान होईल. "जगात निळ्या वस्तू कमी आहेत" हे त्याने धरलं. त्यासाठी त्याने जग बघितलं असणार. आपण गृहीतकं लिहितो ती "अझ्यूम फ्रिक्शन निग्लिजिबल" अशी, गाइडमध्ये छापलेली आहेत म्हणून.

आणि मला वाटतं इथेच रडार येतं. ही माझी समजूत आहे, त्याने असं कुठे म्हटलेलं मी वाचलेलं नाही. रडारचं दुखणं काय असतं? पडद्यावर ठिपका दिसतो. तो विमानाचा की ढगाचा, की नुसती खरखर? हो किंवा नाही असं कधीच स्वच्छ येत नाही. त्यातून जे हवं ते उचलायचं असतं. असल्या गोंधळात दिवस काढलेल्या माणसाला केसांच्या बटेतून निळा पडदा वेगळा काढताना घाम फुटणार नाही. फोटोग्राफी शिकून सरळ सिनेमात आलेल्यांनी त्या आधी वीस वर्षं तीच किनार पाहिली होती.

पुढचं पटकन सांगते. १९७६ मध्ये त्याने अल्टिमॅट ही कंपनी काढली, मुलगा पॉल बरोबर होता. फिल्मवर जे तासन् तास लागायचं ते आता इलेक्ट्रॉनिक सर्किट टीव्हीवर त्याच क्षणी करू लागलं. १९७८ ला एमी मिळालं. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधली लढाऊ यानं निळ्या पडद्यापुढेच शूट झाली, तीही या रंगांच्या वजाबाकीच्या पद्धतीनेच पार पडली. ऑस्करवाल्यांनी १९९३ सालचा गॉर्डन सॉयर पुरस्कार त्याला दिला आणि १९९५ मध्ये बापलेकांना मिळून अल्टिमॅटसाठी आणखी एक बाहुली. कंपनी २०१६ साली ब्लॅकमॅजिक डिझाइनने विकत घेतली. निळ्याच्या जागी हिरवा आला तो बराचसा डिजिटल कॅमेऱ्यांमुळे. त्यांच्या सेन्सरवर हिरवं ओळखणारे ठिपके लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात. युक्ती तीच राहिली, फक्त रंगांची अदलाबदल झाली. मोबाइलवर नुसत्या चेहऱ्यामागे समुद्र लावता येतो ती गोष्ट वेगळी, तिथे पडदा नसतो आणि अंदाज मशीन लर्निंग करतं. आमचं दहावीचं अख्खं वर्ष ऑनलाइन गेलं. बॅकग्राउंडला आल्प्स पर्वत लावलेल्या आमच्या एका टीचरचा डावा कान वर्षभर येत-जात होता.

आता सातव्या रकान्याकडे. या फॉर्मच्या बाजूने बोलणाऱ्या सरांचं म्हणणंही मला मांडलं पाहिजे, कारण ते अगदीच चुकीचं नाही. ते म्हणतात, शाखेचं बंधन काढलं तर पोरं चार आठवडे मामाच्या ऑफिसात बसून सर्टिफिकेट आणतील. आणतील. आताही आणतात. दुसरं म्हणणं जास्त वजनदार आहे: एका व्लाहोसकडे बोट दाखवून तुम्ही शंभर जणांना भरकटवता. याचा मी बराच विचार केला. खरं आहे की मी जिथे जाणार तिथे कोणी व्लाहोस होत नाही. त्याचं सूत्र जिथे फसतं, म्हणजे पडदा चुरगळलेला, उजेड कमी, किंवा पडदाच नव्हता, तिथे कोणालातरी एकेक फ्रेम घेऊन केसांची कडा हाताने काढावी लागते. परदेशी सिनेमांचं हे काम भारतात भरपूर येतं. मुंबई-पुण्यातली आपल्याच वयाची मुलं-मुली रात्रपाळीला बसून ते करतात. क्रेडिटच्या यादीत त्यांचं नाव आलं तर इतक्या बारीक अक्षरात की थिएटर तोवर रिकामं झालेलं असतं. आणि आता ते कामही एआय शिकतंय. मी हे सगळं माहीत असून जाते आहे.

पण म्हणून "पॅशन फॉलो करा, ब्रँच विसरा" अशी जी भाषणं गॅदरिंगला पाहुणे देतात त्यातलं मला काही म्हणायचं नाही. व्लाहोसने ब्रँच विसरली नाही. ऑप्टिक्स, फिल्मचं रसायन, इलेक्ट्रॉनिक्स यातलं ज्या वेळी जे लागलं ते तो इंजिनिअरसारखंच शिकला. फाळके तर त्याच्याही पुढचे. जे.जे.मध्ये चित्रकला, बडोद्याला कलाभवन, पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर, मग छापखाना, मधे "प्रोफेसर केल्फा" नावाने जादूचे प्रयोग (आडनाव उलटं वाचून बघा). त्यांना सातवा रकाना भरायला दिला असता तर कागद पुरला नसता. माझं म्हणणं एवढंच की रकान्यातला प्रश्न बदला. "शाखेशी संबंध" ऐवजी "तिथे कोणती अडचण सोडवणार आणि ती सोडवायला तुम्हाला काय येतं" असं विचारा. मामाच्या ऑफिसात बसणाऱ्याला ते लिहिता येणार नाही, आणि खरंच जाणाऱ्याला खोटं लिहावं लागणार नाही. त्यावर गाइडने तोंडी दोन प्रश्न विचारले तर दहा मिनिटांचं काम आहे.

दिवाळीत घरी गेले तेव्हा आजोबांना सगळं सांगितलं. सिनेमा म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला होता हे खरं. "विमानाचं शिकून पडदे काढणार काय गं?" म्हणाले. मी लॅपटॉपवर एक शॉट काढून दाखवला, केस उडणारी बाई, मागे हिरवं. पडदा काढला. मग झूम करून केसांच्या कडेला राहिलेली हिरवी किनार दाखवली. आजोबा चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनच्या अगदी जवळ गेले. "ही बर राहिली की," म्हणाले. पत्रा कापला की कडेला जी धारदार कुसं राहतात ती बर. ती घासून काढली नाही तर तिथूनच पुढे तडा जातो, म्हणून त्यांच्या शॉपमध्ये कडा साफ असल्याशिवाय जॉब पुढे सरकत नसे. मग त्यांनी तासभर मला विचारलं की ही बर काढायची कशी, जास्त घासलं तर केस जातील का, आणि तपासणारा इन्स्पेक्टर कोण असतो. मी जमेल तेवढं सांगितलं. कडेचा निळा-हिरवा हिशोब त्यांना माझ्या सबमिशन पार्टनरपेक्षा लवकर कळला. "विचार बरा केलाय माणसाने," म्हणाले, "कोणत्या विमानावर होता?"

फॉर्म मी सोमवारी दिला. सातव्या रकान्यात लिहिलंय: "थेट संबंध नाही. कडा साफ करण्याचं काम आहे. सोबत एक पान जोडलं आहे." त्या पानावर तीन समीकरणं आणि चार अज्ञात आहेत. एच.ओ.डी. सरांनी अजून सही केलेली नाही, पण पान ठेवून घेतलंय आणि शुक्रवारी भेटायला बोलावलंय.